'नोंद आढळून येत नाही': जनगणना, इंडेक्स आणि हरवलेले पणजोबा

आजचा भाग एका गमतीशीर बगपासून सुरू करतो.

नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी मला एक काम मिळालं. ग्राहकांच्या मोठ्या यादीत एकच माणूस दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शिरलाय का, ते शोधायचं. एका सीनियरनं सांगितलं, "अरे, एसक्यूएलमध्ये साउंडेक्स नावाचं फंक्शन असतं. उच्चारावरून जुळवतं. ते लाव आणि मोकळा हो." मी लावलं. रिपोर्ट उघडला तर 'शिंदे' आणि 'स्मिथ' एकाच गटात! आणि आमचे 'पाटील' थेट 'पटेल' मंडळींच्या पंगतीला बसलेले.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पण नाही, फंक्शन अगदी बरोबर चाललं होतं. कसं, ते सांगतो. साउंडेक्स आडनावाचं इंग्रजी पहिलं अक्षर तसंच ठेवतं. मग स्वर, आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरं टाकून देतं. उरलेल्या अक्षरांचे सहा गट केलेत, प्रत्येकाला एक आकडा. असे तीन आकडे घ्यायचे, कमी पडले तर शून्य लावायचं. शिंदेमध्ये एन म्हणजे ५, डी म्हणजे ३. स्मिथमध्ये एम म्हणजे ५, टी म्हणजे ३. दोघांचाही कोड एस-५३०. झालं, दोघं भाऊ भाऊ!

आणि गंमत म्हणजे 'वाघ' हे आडनाव एकानं डब्ल्यूनं लिहिलं आणि दुसऱ्यानं व्हीनं, तर साउंडेक्सच्या लेखी त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिलं अक्षर बदललं की खानाच बदलला.

हे असलं विचित्र फंक्शन केलं कुणी, म्हणून वाचायला लागलो आणि थेट १९१८ सालात जाऊन पोचलो. त्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाला याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या अर्थानं कॉम्प्युटर तेव्हा जन्मायचा होता. ही पद्धत होती कागदी कार्डांसाठी. आणि तिचा सगळ्यात मोठा वापर झाला तो अमेरिकेच्या जनगणनेत माणसं शोधायला.

तर आजचा विषय हाच. जुन्या जनगणनेत आपला माणूस शोधताना सर्च बॉक्स जेव्हा 'शून्य निकाल' म्हणतो, तेव्हा तो नक्की काय सांगत असतो?

इंडेक्स कुणासाठी बनला?

गोष्ट १९३५ ची. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी पेन्शन मिळणार. उत्तम. पण तुमचं वय पासष्ट आहे याचा पुरावा काय?

आपल्याला वाटतं अमेरिका म्हणजे सगळी कागदपत्रं टापटीप. तसं नव्हतं. जन्मनोंदणीच्या राष्ट्रीय व्यवस्थेत सगळी राज्यं यायला १९३३ साल उजाडलं. म्हणजे १८७० च्या सुमारास शेतावरच्या घरात जन्मलेल्या हजारो लोकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. मग एकच आशा: १८८० ची जनगणना. त्यात गणकानं घरोघर जाऊन नाव, वय, जन्मस्थान लिहून घेतलं होतं.

पण १८८० ला लोकसंख्या होती ५ कोटींच्या वर. एवढ्या मोठ्या वह्यांच्या ढिगात एक पोरगं शोधायचं कसं? मंदीच्या काळात बेरोजगारांना काम देणारी एक सरकारी योजना चालू होती, वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन. त्या योजनेतल्या लोकांना बसवलं आणि वह्या वाचून साउंडेक्सची कार्डं लिहून घेतली.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. त्यांनी १८८० च्या सगळ्या घरांची कार्डं केली नाहीत. ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल होतं, फक्त त्याच घरांची केली. का? हिशेब साधा आहे. १८८० मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १९३५ मध्ये पासष्टचा होतो. पेन्शनसाठी पुरावा लागणार तो त्याच्या पिढीला. बाकीच्यांशी त्या कामाला देणंघेणं नव्हतं.

म्हणजे मूलबाळ नसलेलं जोडपं, पोरं मोठी झालेली म्हातारी, एकटा राहणारा तरुण मजूर, हे सगळे जनगणनेच्या वहीत आहेत, पण कार्डांच्या कपाटात नाहीत. पुढे कित्येक वर्षं लोक मायक्रोफिल्मवर ही कार्डं बघायचे आणि म्हणायचे, "आमचे आजोबा १८८० मध्ये अमेरिकेत नव्हतेच वाटतं." आजोबा होते हो! फक्त त्यांच्या घरात पाळणा नव्हता.

आणि हे एकाच वर्षाचं नाही. १९१० च्या जनगणनेचा असा इंडेक्स ४६ पैकी २१ राज्यांचाच झाला. न्यूयॉर्क त्यात नाही! जिथे बोटीतून सगळ्यात जास्त माणूस उतरत होता, तेच राज्य नाही. १९३० चा झाला तो दक्षिणेकडच्या १२ राज्यांचा, त्यातल्याही दोन राज्यांचे काहीच जिल्हे. शिवाय कार्ड असायचं ते कुटुंबप्रमुखाच्या नावानं. घरात वेगळ्या आडनावाचा कुणी असला तरच त्याचं स्वतंत्र कार्ड. म्हणजे एखाद्या पोरीला शोधायचं तर आधी तिच्या बापाचं नाव माहीत हवं, आणि बऱ्याचदा तेच तर शोधायचं असतं.

हे काम करणारे आळशी नव्हते. इंडेक्स कुणीतरी, कुठल्यातरी कामासाठी, मिळालेल्या पैशात आणि वेळात बनवतो. ते काम तुमचं नसेल, तर तुमचा माणूस त्यात नसणारच. १८८० ची सगळ्या नावांची यादी शेवटी स्वयंसेवकांनी कितीतरी वर्षं खपून तयार केली. ती लोकांच्या हाती आली २००१ मध्ये.

'सापडलं नाही'चे चार अर्थ

इथपर्यंत वाचल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. 'सापडलं नाही' या वाक्याचे निदान चार वेगवेगळे अर्थ होतात आणि आपण ते सगळे एकाच डब्यात टाकतो.

पहिला अर्थ: गणक त्या माणसापर्यंत पोचलाच नाही. माणूस प्रवासात होता, दार उघडलं नाही, घर गल्लीच्या आत होतं.

दुसरा अर्थ: लिहिलं होतं, पण वहीच गेली. याचं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेची १८९० ची जनगणना. त्यात मोजली गेलेली माणसं जवळपास ६ कोटी ३० लाख. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. साधारण चौथा हिस्सा जळाला आणि उरलेल्यापैकी बराचसा आग विझवायच्या पाण्यानं भिजला. ते भिजके कागद बरीच वर्षं तसेच पडून राहिले. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली. आणि दुसऱ्याच दिवशी संसदेनं निरुपयोगी कागदांची जी यादी नष्ट करायला मंजुरी दिली, तिच्यात १८९० चे हे कागद होते! आज त्यातली ६ हजारांच्या आसपास नावं शिल्लक आहेत. अशा वेळी सर्च बॉक्सवर डोकं फोडून काही होणार नाही. बदली कागद शोधायचे. उदाहरणार्थ, त्याच वर्षी यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती, तिचा काही भाग वाचलाय.

तिसरा अर्थ: वही आहे, पण इंडेक्समध्ये तो भाग घेतलाच नाही. १८८० चं घर-पाळणा प्रकरण हेच.

चौथा अर्थ: इंडेक्समध्ये माणूस आहे, पण चुकीच्या नावानं. ऑनलाइन जमान्यात सगळ्यात जास्त घोळ याचा. जुन्या इंग्रजी वळणात दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा दिसतो. एल आणि एस, टी आणि एफ, जे आणि आय यांत फरक करायचा म्हणजे चष्मा पुसावा लागतो. काही गणक वरचंच आडनाव पुन्हा न लिहिता नुसती रेघ मारायचे किंवा 'वरीलप्रमाणे' अशा अर्थाचं संक्षिप्त चिन्ह करायचे. ते ज्यानं उतरवलं त्यानं चिन्हालाच आडनाव समजलं, की अख्खं कुटुंब बिनआडनावी!

त्यात आपल्याकडच्या लोकांची तर वेगळीच कथा. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत वंशाच्या रकान्यात भारतातून आलेल्यांसाठी शब्द होता 'हिंदू'. माणूस शीख असो, मुसलमान असो, लिहायचं 'हिंदू'. कॅलिफोर्नियात शेती करणारी कितीतरी पंजाबी शीख मंडळी अशी हिंदू म्हणून नोंदली गेली. नावं तर गणकाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. पण बघा, इथे चुकीचाच उपयोग होतो. नावानं शोधून काही मिळालं नाही तर तो रकाना आणि जिल्हा निवडायचा. समोर छोटी यादी येते आणि ती डोळ्यांनी वाचता येते.

लाखो हात आणि एक यंत्र

अमेरिकेत जनगणनेचे व्यक्तिगत तपशील ७२ वर्षं बंद ठेवतात, मग खुले करतात. १९४० ची जनगणना २ एप्रिल २०१२ ला ऑनलाइन आली. १३ कोटींवर माणसं, ३८ लाखांच्या आसपास पानं, आणि नावांचा इंडेक्स? शून्य. पहिल्या दिवशी एवढी गर्दी झाली की साइट चालेनाशी झाली.

मग दीड लाखाहून जास्त स्वयंसेवक कामाला लागले आणि ऑगस्टपर्यंत सगळ्या देशाचा इंडेक्स तयार! या कामात एकच पान दोन जण एकमेकांचं न बघता उतरवायचे. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा निकाल द्यायचा. आपल्या कोड रिव्ह्यूपेक्षा कडक. तरीही दोघांनी एकच अक्षर सारखंच चुकीचं वाचलं, तर तिसऱ्यापर्यंत प्रकरण जातच नाही.

१९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला उघडली तेव्हा हस्ताक्षर वाचायला यंत्र बसवलं होतं. पहिल्याच दिवशी नावानं शोधता येत होतं. पण अभिलेखागारानं सोबत एक सोय दिली: यंत्रानं चुकीचं वाचलं असेल तर तुम्ही दुरुस्त करा. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात असं कबूल करायला बरेच दिवस लागतात.

आणि इंडेक्स नव्हता तेव्हा लोक काय करत होते? इथे मला माझा हिरो सापडला. स्टीफन मोर्स. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरची रचना करणारा इंजिनिअर. इंजिनिअरिंगला ज्यांनी मायक्रोप्रोसेसरचा पेपर दिलाय त्यांच्या अंगावर काटा आला असेल. तर या माणसानं २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्या प्रवाशांची यादी सोप्या रीतीनं शोधण्यासाठी स्वतःचा फॉर्म बनवला. पुढे त्यानं आणि सोबतच्या स्वयंसेवकांनी जनगणनेसाठी अशी सोय केली की तुम्ही रस्त्याचं नाव द्यायचं आणि तो रस्ता कुठल्या गणनाविभागात येतो ते कळायचं. गणनाविभाग म्हणजे एका गणकाला वाटून दिलेला भाग. १९४० मध्ये शहरात दोन आठवड्यांत आणि खेड्यात महिनाभरात उरकेल एवढा. विभाग कळला की त्याची पानं एकेक करून वाचायची. नावाची गरजच नाही!

मग करायचं काय?

तुमची आत्या न्यू जर्सीत असेल आणि तिच्या सासरचं घराणं तिथलं असेल, किंवा तुमच्यापैकी कुणी परदेशात बसून ऐकत असेल, तर हे थेट उपयोगाचं आहे.

एक. शोधण्याआधी इंडेक्समध्ये काय घेतलंय आणि काय नाही, ती बारीक अक्षरातली टीप वाचा. आपण ती कधीच वाचत नाही.

दोन. आडनाव टाकूच नका. पहिलं नाव, वय पाच वर्षं मागे-पुढे, जन्मस्थान आणि जिल्हा एवढ्यावर शोधा.

तीन. घरातला सगळ्यात वेगळ्या नावाचा माणूस शोधा. 'जॉन' शोधत बसलात तर म्हातारे व्हाल. त्याच्या बहिणीचं नाव विचित्र असेल तर तिला शोधा, जॉन शेजारच्याच ओळीत सापडेल.

चार. शेजारी शोधा. कुटुंब १९०० मध्ये सापडलं आणि १९१० मध्ये गायब झालं, तर १९०० च्या पानावरचे शेजारी १९१० मध्ये शोधा. बऱ्याचदा आपली मंडळी तिथेच असतात, नाव तेवढं बिघडलेलं.

पाच. एकच जनगणना वेगवेगळ्या साइट्सनी वेगवेगळ्या लोकांकडून उतरवून घेतलेली असते. एकाची चूक दुसऱ्याकडे असेलच असं नाही.

सहा. शेवटी पत्ता काढा, विभाग काढा आणि पानं वाचा. आणि शेवटच्या पानापर्यंत जा! १९४० मध्ये गणक आला तेव्हा जे घरी नव्हते, त्यांची नोंद नंतर केली आणि ती ६१ क्रमांकापासूनच्या पानांवर गेली. लोक तिसाव्या पानावर विभाग संपला असं समजून बंद करतात.

सात. सापडलं, तरी मूळ पानाचा फोटो उघडा. पाटील आणि पटेल एकाच खान्यात असतात हे विसरू नका. १९४० च्या पानावर तर माहिती कुणी दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली आहे. वय आईनं सांगितलं की भाडेकरूनं, यानं फरक पडतो.

आणि आठ. चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा. तुमच्यामागून येणाऱ्याची रात्र वाचेल.

आपल्याकडे काय?

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला आमचे पणजोबा १९०१ च्या जनगणनेत शोधायचेत. तर ते जमणार नाही. भारतात १८७२ पासून जनगणना आहे, पण आपल्याकडे घराघराच्या नोंदी ठराविक वर्षांनी खुल्या करायची पद्धत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी कुणाला बघता येणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. म्हणजे अमेरिकेत ज्या कागदावर म्हातारा पेन्शन मिळवत होता, तो कागद आपल्याकडे कोर्टात उभाच राहत नाही.

मग आपला शोध चालतो शाळेच्या जनरल रजिस्टरात, फेरफारात, गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात, आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. या सगळ्याला नावांचा इंडेक्स नाहीच म्हटलं तरी चालेल. तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर आधी गाव विचारतात, मग आडनाव. त्यांचा इंडेक्स तोच.

आणि इथे नुसतं कुतूहल पणाला लागलेलं नसतं. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं हे पाहिलं. जुनी दप्तरं निघाली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका ओळीवर दाखला मिळणार की नाही ते ठरत होतं. त्या आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण ज्याच्या गावचं दप्तर वाळवीनं खाल्लं आणि ज्याच्या गावची मोडी कुणी वाचलीच नाही, त्या दोघांच्या हातात एकच उत्तर पडणार.

ते उत्तर तुम्ही कधी ना कधी सरकारी पत्रात वाचलं असेल: 'सदर नोंद आढळून येत नाही.' आपण घरी येऊन सांगतो, "नोंद नाही म्हणाले." पण पत्रात तसं म्हटलेलंच नसतं! आढळून येत नाही, एवढंच म्हटलंय. कुणाला, कुठल्या वर्षांच्या कुठल्या रजिस्टरात, कुठली लिपी वाचून, हे पुढचे प्रश्न आपण विचारायचे असतात. त्यांची उत्तरं लेखी मागता येतात.

माझ्या त्या रिपोर्टचं पुढे काय झालं? मी शिंदे आणि स्मिथ यांना हातानं वेगळं केलं. दोन दिवस लागले. एकेक ओळ वाचली. कंटाळा आला, पण त्या दोन दिवसांत एकही माणूस हरवला नाही.

घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री त्यांना मूळ गाव, शेजाऱ्यांची आडनावं आणि शाळेचं नाव विचारून लिहून ठेवा. उद्या सर्च बॉक्सनं हात वर केले, की तोच तुमचा इंडेक्स.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, शोधत राहा!